बुद्धिबळाचे जुने फोटो जमवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धांचे आणि खेळाडूंचे जुने फोटो जमवणाऱ्यांकडून, किंवा घर आवरताना असा एखादा फोटो हाती लागलेल्यांकडून, मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक विनंती आधीच करतो. ओळख पटवण्यासाठी फोटो पाठवाल तेव्हा त्याची पाठही पाठवा. निम्मी उत्तरं तिथेच असतात.

१. मला बुद्धिबळाचे जुने फोटो जमवायचे आहेत. सुरुवात कशी करू?

एक कोपरा निवडा. एकच खेळाडू, एकच स्पर्धा, एकच गाव किंवा एकच दशक घ्या. "बुद्धिबळाचं जुनं जे मिळेल ते" असं म्हणून सुरुवात केलेले बहुतेक जण दोन वर्षांत कंटाळतात, कारण कशाचाच कशाशी धागा जुळत नाही. १९३६ च्या नॉटिंगहॅम स्पर्धेचं उदाहरण घ्या. तिथे लास्कर, कापाब्लांका, अलेखिन, युवे हे चार जगज्जेते आणि पुढे जगज्जेता झालेला बोटविनिक असे पाच जण एकाच स्पर्धेत खेळले. बोटविनिक आणि कापाब्लांका यांनी पहिला क्रमांक विभागून घेतला. एवढ्या एका स्पर्धेचे फोटो, वृत्तपत्रांची कात्रणं आणि पोस्टकार्डं शोधायची म्हटली तरी कितीतरी वर्षं पुरतील.

मी स्वतः महाराष्ट्रातल्या स्पर्धांचे फोटो जमवतो. ते का, हे प्रश्न ११ मध्ये सांगितलं आहे.

२. "जुना" म्हणजे नेमका किती जुना?

ठरलेली रेषा नाही. मी ती डिजिटल घड्याळापाशी ओढतो. फोटोत पटाशेजारी काट्यांचं घड्याळ असेल तर तो माझ्या कामाचा.

३. हा खरा फोटो आहे की पुस्तकातून कापलेलं चित्र?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खेळाडूच्या गालाकडे पाहा. छापील चित्रात ओळीने मांडलेले ठिपके दिसतील. फोटोत ठिपक्यांची रांग नसते, करड्या छटा सलग उतरत जातात. ही परीक्षा अर्ध्या मिनिटात होते आणि बाजारातला मोठा वाटा तिथेच गळतो. अलीकडे संगणकावरून काढलेल्या प्रती जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवून विकतात. त्यांतही भिंगाखाली रंगीत शाईचे बारीक शिंतोडे दिसतात.

४. कागदावरून काळ ओळखता येतो का?

बराचसा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले फोटो बहुतेक अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर काढलेले असतात. रंग तपकिरी, पांढरा भाग पिवळट झालेला. कागद फार पातळ म्हणून तो नेहमी पुठ्ठ्यावर चिकटवलेला. सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरचं लहान कार्ड असेल तर ते भेटकार्डाच्या आकाराचं. १८६० च्या दशकात या कार्डांचं वेड होतं. त्याहून मोठं, ११ बाय १६ सेंटिमीटरच्या आसपासचं असेल तर ते 'कॅबिनेट कार्ड', म्हणजे साधारण १८६६ नंतरचं.

१८९० च्या दशकापासून जिलेटिनचा लेप असलेला कागद आला आणि पुढे सगळं कृष्णधवल जग त्याच्यावरच छापलं गेलं. अशा जुन्या फोटोला तिरप्या उजेडात धरलं की गडद भागांवर चांदीसारखी झाक दिसते. ती चांगली खूण समजा, मुद्दाम आणणं अवघड असतं. प्लास्टिकचा थर असलेला गुळगुळीत कागद १९७० च्या आसपास रूढ झाला, तेव्हा त्या कागदावरचा "१९३० चा मूळ फोटो" मूळ असूच शकत नाही.

अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहणं हा आणखी एक उपाय. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे. हे रसायन फोटोच्या कागदात १९५० च्या सुमारास येऊ लागलं. चमकला नाही म्हणून मात्र तो जुनाच, असं उलटं अनुमान काढू नका.

५. खूप जुन्या फोटोंत सगळे ओळीने बसलेलेच का दिसतात? प्रत्यक्ष खेळताना का नाहीत?

तंत्रामुळे. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा लंडनला १८५१ मध्ये झाली आणि काचेवरच्या ओल्या लेपाचं तंत्रही त्याच वर्षी जाहीर झालं. त्या काळी माणसाला काही सेकंद न हलता बसावं लागे आणि सभागृहातला उजेड पुरत नसे. त्यामुळे त्या काळचा गाजलेला अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी पटासमोर बसलेला दिसतो तो स्टुडिओत, मोहरी मांडून. १९२५ मध्ये लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला, मग फ्लॅशचे बल्ब आले आणि विचारात बुडालेला, कपाळाला हात लावलेला खेळाडू कॅमेऱ्यात सापडू लागला. त्याआधीचा "चालू डावातला" फोटो कुणी दाखवला तर प्रश्न ८ मधली तपासणी करा.

६. पाठीवरचे शिक्के, चिठ्ठ्या, खडूच्या खुणा म्हणजे खराबी का? पुसून टाकू का?

कृपा करून पुसू नका! वृत्तपत्राच्या कचेरीत गेलेला फोटो पाठीवर स्वतःचा जन्मदाखला घेऊन येतो. वृत्तसंस्थेचा शिक्का, टंकलेखित मजकुराची चिकटवलेली चिठ्ठी, छापल्याची तारीख, कितव्या स्तंभात लावायचा त्याची निळी पेन्सिल. पुढच्या बाजूला कोपऱ्यावर कापायच्या रेषा आणि चेहऱ्याभोवती पांढरा रंग लावलेला असतो, तोही तसाच राहू द्या.

परदेशी विक्रेते "पहिला प्रकार", "दुसरा प्रकार" म्हणतात त्याचा अर्थही इथेच सांगतो. मूळ निगेटिव्हवरून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रत हा पहिला प्रकार. मूळ निगेटिव्हवरूनच पण नंतर काढलेली, हा दुसरा. नक्कल निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेल्या चित्रावरून त्याच काळात काढलेली, तिसरा. नकलेवरून पुष्कळ नंतर काढलेली, चौथा. तारेने आलेल्या फोटोत बारीक आडव्या रेषा दिसतात. अमेरिकेत असोसिएटेड प्रेसची तारेने फोटो पाठवण्याची सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली. मला तिसऱ्या प्रकाराचा कमीपणा वाटत नाही. डाव संपल्यावर तो फोटो त्याच रात्री दुसऱ्या खंडात पोहोचला होता, हे त्या रेषा सांगतात.

७. गटाच्या फोटोतली माणसं कशी ओळखायची?

आधी डोकी मोजा, मग स्पर्धेच्या गुणतक्त्यातली नावं मोजा. आकडे क्वचितच जुळतात. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या १८९५ च्या स्पर्धेत २२ जण खेळले, अमेरिकेचा तरुण पिल्सबरी जिंकला. त्या स्पर्धेच्या गाजलेल्या फोटोत १८ जणच आहेत. पुढच्या रांगेत बसलेले दाढीवाले श्टाइनिट्झ, चिगोरिन, लास्कर, पिल्सबरी, टार्राश सहज ओळखू येतात. पण तक्त्यातलं प्रत्येक नाव कुठल्यातरी चेहऱ्याला चिकटवायला गेलात तर चुकलातच. गैरहजर कोण, ते आधी शोधायचं.

आपल्याकडच्या फोटोंत आणखी एक घोळ असतो. मधल्या खुर्च्यांवर खेळाडू नसतातच. तिथे अध्यक्ष, देणगीदार, पाहुणे आणि पंच बसतात. विजेता बरेचदा मागे उभा, नाहीतर खाली सतरंजीवर मांडी घालून असतो, गळ्यात हार असेल तर नशीब. पुण्याच्या जुन्या बाजारात मला असा एक फोटो मिळाला. करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का, खाली शाईने लिहिलेली सतरा नावं. पुठ्ठ्याची उजवी कड कसरीने खाल्लेली, त्यात शेवटच्या दोन नावांची फक्त आद्याक्षरं उरलेली. खाली बसलेल्या मुलाच्या मांडीवर पट होता आणि त्याने एक बोट वजिरावर ठेवलं होतं. त्या मुलाचं नाव खाल्लेल्या भागात गेलं. चार वर्षं झाली, मी अजून शोधतो आहे.

म्हणून घरात असा फोटो असेल आणि ओळखणारं माणूस हयात असेल, तर आज संध्याकाळीच शेजारी बसून नावं विचारा. डावीकडून उजवीकडे, रांगेगणिक. फोटोवर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहा.

८. पटावरची स्थिती वाचून तो नेमका कुठला डाव, हे कळतं का?

कधी कधी अगदी चालीपर्यंत कळतं. फोटो मोठा करून दिसतील तेवढी मोहरी कागदावर मांडा, दोन्ही खेळाडूंची नावं माहीत असतील तर त्यांचे सगळे डाव संगणकातल्या संग्रहातून काढा आणि जुळवून पाहा. जुळलं की तारीख, फेरी, गाव सगळं एकदम हाती येतं. हा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण पुष्कळदा जुळत नाही, कारण छायाचित्रकाराने डाव सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर दोघांना बसवून मोहरी हवी तशी मांडलेली असतात. माझ्याकडच्या एका फोटोमागे "निर्णायक क्षण" असं लिहिलं आहे आणि पटावर दोन्ही पांढरे उंट काळ्याच घरांत उभे आहेत, खेळात तर एक उंट पांढऱ्याच आणि दुसरा काळ्याच घरांतून फिरतो. घड्याळही पाहा. दोन्ही बाजूंचे काटे एकाच वेळेवर थांबलेले असतील तर डाव बहुधा सुरूच झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फोटोंत तराजूसारख्या दांडीवर बसवलेली दोन घड्याळं दिसतात. ती प्रथम लंडनच्या १८८३ च्या स्पर्धेत वापरली गेली, तेव्हा फोटो त्याआधीचा असू शकत नाही.

९. माझ्या फोटोत उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर आहे. फोटो उलटा छापला गेलाय का?

शक्य आहे, पण घाई नको. खेळाडूच्या उजव्या हाताचं जवळचं कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. ते काळं दिसलं तर दोन शक्यता उरतात. निगेटिव्ह उलटी ठेवली गेली, किंवा फोटोसाठी पटच चुकीचा मांडला गेला. निवाडा कपड्यांवरून करा. पुरुषाच्या कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडे असतो आणि डावा पदर उजव्यावर येतो. आपल्याकडच्या बाईंच्या फोटोत साडीचा पदर डाव्या खांद्यावर आहे का ते पाहा, मात्र गुजराती पद्धतीची साडी असेल तर ही खूण चालणार नाही. भिंतीवरचा फलक किंवा घड्याळाचे आकडे दिसत असतील तर प्रश्नच मिटतो. कोट सरळ आणि पट उलटा असेल तर फोटो बरोबर आहे, पट मांडणाऱ्याला खेळ येत नव्हता. असे फोटो आश्चर्य वाटेल इतके आहेत.

१०. सुलतान खान यांचे फोटो मिळतात का? खरे कसे ओळखायचे?

मिळतात, आणि भारतीय संग्राहकाने निदान एकतरी ठेवावा असं मला मनापासून वाटतं. मीर सुलतान खान पंजाबातले. सर उमर हयात खान यांच्या पदरी होते आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यस्पर्धा जिंकली. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला हरवलं. मग मालकाबरोबर परत आले आणि युरोपच्या पटावर पुन्हा दिसले नाहीत. त्यामुळे त्यांचे युरोपातले फोटो १९२९ ते १९३३ या पाच वर्षांतलेच. पाठीवर १९३६ किंवा १९३८ असं लिहिलेलं असेल तर ती पुनर्मुद्रणाची तारीख असेल, नाहीतर फेटा बांधलेला तो माणूसच दुसरा असेल. त्याच घरातल्या मिस फातिमा १९३३ मध्ये ब्रिटनच्या महिला विजेत्या झाल्या. त्यांचे फोटो कितीतरी दुर्मीळ आहेत.

११. मराठी खेळाडूंचे जुने फोटो कुठे शोधायचे?

मोठ्या लिलावांत नाही. ते घरांत, मंडळांच्या कपाटांत, शाळांच्या सभागृहांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंच्या खोक्यांत आहेत. म्हणूनच मी हा कोपरा निवडला. कापाब्लांकाचे फोटो जगभरच्या ग्रंथालयांनी जपले आहेत, आपले फोटो रद्दीत जातात.

आणि जपण्याजोगं किती आहे! १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय अजिंक्यस्पर्धा झाली, तिथे रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह विजेतेपद विभागून घेतलं. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला सुरू झाली आणि पहिली दहा वर्षं विजेतेपद मुंबईच्या खाडिलकर भगिनींच्या, वासंती, जयश्री आणि रोहिणी यांच्या घराबाहेर गेलं नाही. जयश्री १९७९ मध्ये महिला इंटरनॅशनल मास्टर झाली, हा किताब मिळवणारी पहिली भारतीय. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा वाद झाला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाईला खेळण्यापासून अडवता येणार नाही. त्या स्पर्धेचा, पुरुषांच्या रांगेत एकटी मुलगी पटावर वाकलेली, असा फोटो हाती आला तर त्याची किंमत पैशात करू नका. सांगलीतली बुद्धिबळाची परंपरा, भाऊसाहेब पडसलगीकरांनी घडवलेली मुलं, तिथूनच पुढे आलेल्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या ठिपसे, हाही असाच अर्धवट नोंदलेला ठेवा आहे.

शोधताना खेळाडूच्या घरीच जायला हवं असं नाही. हरलेल्याच्या घरी, पंचाच्या घरी आणि आयोजकाच्या घरीही त्याच फोटोची प्रत असते. घरच्यांना द्यायचा नसेल तर आग्रह धरू नका, तिथेच बसून स्कॅन करा.

१२. विकत घ्यायचे तर कुठे?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, ओळखीचा रद्दीवाला. रद्दीवाल्याला "बुद्धिबळ" सांगून ठेवा, "जुने फोटो" नको, नाहीतर तो लग्नाचे अल्बम आणून देईल. परदेशी वृत्तपत्रांचे विकायला काढलेले संग्रह इंटरनेटवरच्या लिलावात येतात. तिथे पाठीचा फोटो न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

१३. किंमत कशावर ठरते?

कोण आहे, कधीचा आहे, कुठल्या प्रकारची प्रत आहे (प्रश्न ६), पाठीवर काय आहे आणि किती जणांना तो हवा आहे. प्रसिद्ध फोटो महाग असेलच असं नाही. १९२० मध्ये फ्रान्समध्ये आठ वर्षांचा बालखेळाडू रेशेव्हस्की दाढीवाल्या बुजुर्गांशी एकाच वेळी खेळतोय, हा फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. पण त्याच्या पुढच्या काळातल्या प्रती अगणित आहेत, किंमत फक्त त्या वेळच्या प्रतीला. वीस अनोळखी फोटोंच्या गठ्ठ्यासाठी मी गाजलेल्या एका फोटोपेक्षा आनंदाने जास्त देईन.

१४. फोटोवर सही आहे. खरी असेल का?

आधी शाई पाहा. बॉलपेन दुकानांत आलं १९४५ च्या सुमारास. लास्कर १९४१ मध्ये गेले, कापाब्लांका १९४२ मध्ये, अलेखिन मार्च १९४६ मध्ये. या तिघांची बॉलपेनची सही कुणी दाखवली तर फोटो परत द्या आणि पुढच्या दुकानी जा. फौंटन पेनची शाई कागदात शिरते आणि वर्षांनुवर्षांनी कडेला तपकिरी होते. भिंगाखाली सहीचे ठिपके दिसले तर ती फोटोबरोबरच छापलेली आहे.

१५. फिशर आणि स्पास्की यांच्या १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचे इतके फोटो आहेत, तरी पटावरचे कमी का?

फिशरला कॅमेरे नकोसे होते. चित्रीकरणाचे हक्क विकलेले होते, त्यावरून भांडण पेटलं. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही आणि तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर मागच्या छोट्या खोलीत झाला. त्यामुळे सामन्याच्या गावी, आइसलंडमधल्या रेक्याविकच्या रस्त्यावर, हॉटेलात, विमानतळावर काढलेले फोटो भरपूर आणि प्रत्यक्ष डावाचे त्या मानाने थोडे.

१६. जुन्या फोटोंतून माणसं गाळलेली असतात, हे खरं का?

खरं आहे. १९०८ मध्ये इटलीतल्या काप्री बेटावर रशियन लेखक गॉर्कीच्या घरी लेनिन आणि त्याचा क्रांतिकारक सहकारी बोग्दानोव बुद्धिबळ खेळतानाचा फोटो आहे. मागे उभा असलेला त्यांचा साथीदार बझारोव पुढे राजकारणात नकोसा झाला आणि नंतरच्या काही छपाईंत गायब झाला. एकाच फोटोच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही ठेवा आणि शेजारी ठेवून पाहा.

१७. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटो कसे जपायचे?

शत्रू तीन : दमट हवा, कसर आणि आपली घाई.

फोटो बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, ती भिंत जुलैत पाझरते. आम्लविरहित कागदाचं पाकीट किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी वापरा. वास येणारी मऊ प्लास्टिकची पाकिटं चिकटतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या पुन्हा पुन्हा तापवून कोरड्या करा. डांबरगोळ्या नकोत. दसऱ्यानंतर कोरडं ऊन पडलं की सगळे डबे सावलीत उघडून हवा द्या, उन्हात नाही. पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. सेलोटेप, गोंद आणि लॅमिनेशन कधीही नको. सुरुवातीला मी एक फाटलेला फोटो टेपने जोडला होता. पाच वर्षांत टेप गळून पडली आणि तिचा तपकिरी पट्टा विजेत्याच्या चेहऱ्यावर कायमचा राहिला.

१८. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. कसा काढू?

ओढू नका. जिलेटिनचा थर काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. काचेसकट स्कॅन करा, मग जाणकार जतनतज्ज्ञाला दाखवा. ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून काढताना दात साफ करायचा मेणविरहित दोरा मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. नाही निघाला तर थांबा.

१९. माझ्याकडे मूळ प्रत आहे. मी तो फोटो कुठेही छापू शकतो ना?

नाही. कागद तुमचा, हक्क तुमचा असेलच असं नाही. भारतात १९५७ च्या कायद्यात फोटोचा हक्क प्रसिद्धीनंतर आधी ५० आणि पुढे ६० वर्षं होता. २०१२ च्या दुरुस्तीने तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाला, पण जे आधीच मोकळे झाले होते ते मोकळेच राहिले. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे असतो. परदेशी फोटोंना त्या त्या देशाचे नियम लागतात.

मोकळेपणाने वापरता येतील असे फोटोही आहेत. डच राष्ट्रीय अभिलेखागाराने आनेफो वृत्तसंस्थेचे हजारो फोटो खुले केले आहेत, त्यांत युद्धोत्तर काळातल्या बुद्धिबळाचा खजिना आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या बेन संग्रहात कापाब्लांका आणि लास्कर आहेत. जर्मन संघीय अभिलेखागाराच्या खुल्या फोटोंत १९६० च्या लाइपझिग ऑलिंपियाडमधला, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेतला, तेव्हाचा जगज्जेता ताल आणि फिशर यांचा डाव आहे, तिथे मात्र संस्थेचं आणि छायाचित्रकाराचं नाव देणं बंधनकारक आहे. याच ऑलिंपियाडमध्ये आपल्या मॅन्युएल आरन यांनी माजी जगज्जेत्या युवेंना हरवलं होतं.

२०. आजोबांचे स्पर्धांचे फोटो आहेत. घरात कुणाला रस नाही. कुणाला देऊ?

आधी सगळे, दोन्ही बाजूंनी, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि नावांची यादी करा (प्रश्न ७). मग गठ्ठा न फोडता द्या. एकेक चांगला फोटो काढून दिला की उरलेले अनाथ होतात. आजोबा ज्या मंडळात खेळले ते चालू असेल तर तिथे विचारा, पण कपाट कोण सांभाळतं ते डोळ्यांनी पाहून या. गावातलं जुनं ग्रंथालय हाही चांगला पर्याय. परदेशात क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयातला जॉन व्हाइट संग्रह आणि हेगचं राष्ट्रीय ग्रंथालय बुद्धिबळाचं साहित्य गेली अनेक दशकं जपत आहेत. कुणालाही द्या, पण फोटोंबरोबर आजोबांच्या डावांच्या वह्याही द्या. प्रश्न ८ मधलं काम त्या वह्यांशिवाय होत नाही.